प्रणालीचा दुसरा डबा

मुलांनी काल काय खाल्लं, हे विचारणं हा माझा व्यवसाय आहे. हे काम आहे यावर लोकांचा चटकन विश्वास बसत नाही. साताऱ्याला आमच्या शेजारच्या काकू अजूनही विचारतात, "बरं, ते सांगतात. मग तू काय करतेस?" मी लिहून घेते, असं म्हटलं की त्या माझ्याकडे न बघता आईकडे बघतात.

मी आहारतज्ज्ञ आहे. एका संस्थेने मला सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या तेरा शाळांसाठी नेमलं आहे. आठवी ते दहावीच्या मुलांची उंची, वजन आणि दंडाचा घेर मोजायचा, बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं, काल सकाळपासून झोपेपर्यंत पोटात काय गेलं ते विचारायचं. मग परीक्षेचे मार्क शेजारी मांडायचे आणि ताट आणि पाटी यांचा काही संबंध लागतो का ते बघायचं. लागतो. पण तो नेमका कुठल्या आडवाटेने लागेल, ते कॉलेजात शिकवत नाहीत.

मुलं खाण्याबद्दल खोटं बोलतात, हेही तिथे शिकवत नाहीत. पाचगणीच्या एका निवासी शाळेतली मुलं भरल्या ताटासमोर बसून आपण भात सोडल्याचं सांगतात. तिकडे जत तालुक्यातल्या एका नववीतल्या पोराने मला सलग दोन दिवस मटण खाल्ल्याचं सांगितलं. मी लिहून घेतलं. तिसऱ्या दिवसाचं विचारल्यावर तो म्हणाला, "तिसऱ्या दिशी उपास धरला. लय झालं हुतं."

हळूहळू मला युक्ती सापडली. काय खाल्लं ते विचारायचंच नाही. कशात वाढलं, कुणी वाढलं, उरलं ते कुणाला गेलं, हे विचारायचं. मनातल्या मनात मटण खाल्लेल्या मुलाला पातेलं आठवत नाही.

माझी दुसरी युक्ती म्हणजे गप्प बसणं. ती मी शोधलेली नाही, तो माझा स्वभाव आहे. माझं शिक्षण पाचगणीला इंग्रजीतून झालं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझं मराठी वाक्य मनात जुळून ओठांवर येईपर्यंत समोरचं मूल उठून गेलेलं असायचं. जे उठायचं नाही ते माझ्या शांततेला घाबरायचं आणि ती भरून काढण्यासाठी खरं बोलून टाकायचं. इस्लामपूरजवळच्या एका शाळेत पोरांनी माझं नाव ठेवलं 'मुकी मॅडम'. मला ते कळलं आहे, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

ही गोष्ट त्याच शाळेतली आहे.

तिथे दहावीच्या पन्नास मुलांसाठी जादा तास होते. शाळा पाचला सुटली की ही मुलं वरच्या हॉलमध्ये जायची आणि मुख्याध्यापक, म्हणजे सगळ्यांचे हेडसर, त्यांना स्वतः गणित शिकवायचे. जानेवारीच्या सराव परीक्षेनंतर पन्नासातली पहिली तीसच हॉलमध्ये राहणार होती. बाकीच्यांनी घरी जाऊन आपलं आपण बघायचं. ती तीस जणांची यादी हा गावात घराघरांतला विषय होता.

प्रणाली मगदूमसाठी तर त्या यादीवर सगळंच ठरणार होतं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांनी सांगितलं होतं, की तिसात राहिलीस तर सांगलीला होस्टेलवर ठेवून सायन्सला घालतो. नाही राहिलीस तर गावातल्या ज्युनिअर कॉलेजात आर्ट्स आहेच. बोलणं कडक असलं तरी माणूस वाईट नव्हता. होस्टेलचा खर्च करायचा तर मुलगी तिथे टिकेल याची त्याला खात्री हवी होती, आणि खात्री म्हणजे हेडसरांची यादी.

पहिल्या सत्रात प्रणाली आठवी आली होती. डिसेंबरच्या चाचणीत ती तेहतिसावी आली.

शिक्षकांच्या खोलीत कारणं तयारच होती. कुणी म्हणालं मोबाईल. कुणी आवाज खाली आणून दुसरं कारण सांगितलं, त्यात एक मुलगा होता आणि तो कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. मी प्रणालीला वजनकाट्यावर उभं केलं. दीड किलोने कमी. डोळ्याच्या पापण्या ओढून बघितल्या, फिकट. तिच्या कालच्या खाण्यात मात्र काही खोट निघेना. सकाळी भाकरी आणि दूध, दुपारी दीडला डबा, संध्याकाळी दुसरा डबा. दुसऱ्या डब्यात तूप लावलेली शेंगापोळी, मुगाची खिचडी, कधी दशमी. भांडं कुठलं, तर पितळी कडीचा दोन पुडांचा डबा. वाढलं कुणी, तर आईने. पातेल्याच्या परीक्षेत ती पैकीच्या पैकी पास झाली.

तेव्हा मी माझ्या ज्ञानाच्या जोरावर तिला सल्ला दिला, "रोज एक अंडं खात जा."

तिने मान डोलावली आणि तो सल्ला वहीत लिहूनही घेतला. मगदूम हे जैनांचं घर आहे, त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याचं टरफलही कधी आलं नसेल, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला नव्हतं. प्रणालीने माझी चूक दाखवली नाही. घरी आलेल्या पाहुण्याला सांभाळून घ्यावं तसं तिने मला सांभाळून घेतलं.

त्याच आठवड्यात मी संस्थेला अहवाल पाठवला. त्यात एक यशकथा लागते. माझी यशकथा होती अश्विनी साळुंखे. वडील सैन्यात, पोस्टिंग लांब. आई एकटी घर, म्हशी आणि ऊस बघणारी. अश्विनी सकाळी चहाबरोबर दोन खारी खाऊन यायची आणि पहिल्या सत्रात सेहेचाळिसावी आली होती. मी तिला नोव्हेंबरात नाश्त्याबद्दल दहा मिनिटं समजावलं होतं. डिसेंबरात तिचं वजन दोन किलोने वाढलं आणि नंबर आला एकोणतिसावा. मी लिहिलं, की योग्य समुपदेशनाचा परिणाम दीड महिन्यात दिसू लागतो. संस्थेच्या बाईंनी उलट टपाली अभिनंदन कळवलं. मी ते दोनदा वाचलं.

दोन दिवसांनी अश्विनी माझ्याकडे आली. मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत वजनकाटा आणि खोकी घेऊन बसते. ती दारातच उभी राहिली.

"मॅडम, माझं वजन कमी करून लिवता येतंय का?"

"का गं?"

"ते माझं न्हाई."

मी तिच्या वजनाचं पान उघडलं. 

"प्रणालीचं हाय," ती म्हणाली. "तिचा डबा मीच खाते."

मग तिने सगळं सांगितलं. जुलैत प्रणालीने गावातल्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, महाराजांसमोर नेम घेतला होता. दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही. कशासाठी? चांगले मार्क पडावेत म्हणून. तेव्हा जादा तास साडेसहाला सुटायचे आणि सूर्य सातनंतर मावळायचा. ती सायकलने घरी जाऊन निवांत जेवायची. दिवाळीनंतर तास सातपर्यंत वाढले आणि सूर्य सहाच्या आधीच जायला लागला. आईने हुशारीने दुसरा डबा सुरू केला, "पाच-साडेपाचला खाऊन घे." पण दहावीची दुपारची छोटी सुट्टी हेडसरांनी दिवाळीनंतर बंद केली होती, आणि पाचच्या घंटेला हॉलचं दार बंद व्हायचं ते सातलाच उघडायचं. मध्ये डब्याचं झाकण उघडलं तर बाकावर उभं राहायचं.

म्हणजे ही मुलगी दुपारी पावणेदोनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत पाण्यावर होती. रोज. मार्कांसाठी.

"मग घरी सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर नेम सोड म्हनतील. न्हाईतर जादा तास सोड म्हनतील. तिला दोनी बी सोडायचं न्हाई."

भरलेला डबा घरी नेला तर आईला कळणार. टाकून देणं पाप. म्हणून सातच्या घंटेनंतर सायकल स्टँडवर प्रणाली डबा अश्विनीच्या हातात द्यायची. ही खायची आणि ती समोर बसून तिला इतिहासाच्या सनावळ्या विचारायची. चुकलं की डबा बाजूला ओढायची. बरोबर आलं की परत पुढे करायची. माझ्या यशकथेतलं समुपदेशन ते होतं.

"शेंगापोळीवर मला सगळा भूगोल बी आला मॅडम," अश्विनी म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "तिचं खाऊन मी तिचा नंबर खाल्ला. आता ती तिसात यायची न्हाई."

मी तिला पाणी दिलं. आणि मग मनात पहिल्यांदा दोन आकडे शेजारी ठेवून बघितले. एकीचा नंबर आणि सूर्यास्ताची वेळ. दोन्ही दिवाळीपासून बरोबरीने खाली आलेले होते. माझ्या छापील फॉर्मात सूर्यासाठी रकाना नव्हता.

उपाय सोपा होता. साडेपाचला पंधरा मिनिटांची सुट्टी. मी हेडसरांकडे गेले. मोठ्या माणसांसमोर मला बोलता येत नाही, म्हणून मी नेहमी लिहून नेते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"मॅडम, एका पोरीच्या नेमासाठी पन्नास पोरं सोडू? पंधरा मिनिटं म्हणजे भेळेच्या गाड्यापर्यंत जाऊन परत यायला अर्धा तास. आम्ही शिकलो तेव्हा दिवसाला एक भाकरी. उपाशी पोटी डोकं जास्त चालतं."

 त्यांच्यावर माझ्या शांततेचा परिणाम होत नव्हता. ते स्वतःच ती भरून टाकायचे.

पण मी त्यांच्या तासाला दोनदा मागच्या बाकावर बसले होते, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बरोबर पावणेसहाला हॉलच्या दारावर टकटक व्हायची आणि लक्ष्मीमावशी चहाचा ग्लास आणि चार बिस्किटं आत द्यायच्या. मावशी शाळेत झाडलोट, घंटा आणि चहा हे सगळं बघायच्या. हेडसर फळ्याकडे तोंड करून चहात बिस्किट बुडवायचे आणि पन्नास मुलं त्या बिस्किटाकडे बघायची. कितवं मऊ होऊन ग्लासात पडतं, यावर मागच्या बाकांवर पैजा लागायच्या.

पुढे जे झालं त्याची जबाबदारी पूर्णपणे माझी आहे, असं मी म्हणणार नाही. मी मावशींना फक्त विचारलं, की एखाद्या दिवशी चहा वर गेलाच नाही तर काय होईल?

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "काय व्हतंय ते बगायचंय व्हय तुमास्नी?"

"नाही, मी सहज..."

"बगू की," मावशी म्हणाल्या. "मला बी लय दिसापासनं बगायचं हाय."

त्या संध्याकाळी मी वही घेऊन मागच्या बाकावर बसले. पावणेसहा झाले. हेडसरांनी दाराकडे पाहिलं. सहाला पुन्हा पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटांनी एका मुलाला खोकल्याबद्दल झापलं. सव्वासहाला त्यांनी फळ्यावर तेराचा वर्ग एकशे शहाण्णव लिहिला. पन्नास मुलांनी मुकाट्याने तो उतरवून घेतला. मग दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला. हात प्रणालीचा होता. तिने दुपारी पावणेदोनपासून काही खाल्लं नव्हतं.

"सर, एकशे एकोणसत्तर."

"खाली बस!" हेडसर ओरडले. मग फळ्याकडे बघितलं. मग बराच वेळ बघितलं. त्यांनी आकडा पुसला, पण तेवढ्यात खडू मोडला, आणि तो त्यांनी खिडकीवर फेकला. साडेसहाला दार उघडून त्यांनी खाली हाक मारली, "मावशी, चहाचं काय झालं?"

खालून आवाज आला, "गॅस संपला की सर!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर एक नोंद ठेवली. नाव न घालता. व्यक्तीचं वय छप्पन. शेवटचं खाणं दुपारी सव्वा वाजता. गणितात चुका तीन. ओरडणं पाच वेळा. खडू एक. खाली लिहिलं होतं: या व्यक्तीने सकाळी पोटभर नाश्ता आणि दुपारी पूर्ण जेवण केलेलं होतं. तेही दीड महिना नाही, एकच दिवस चहा चुकला होता.

हेडसरांनी कागद वाचला. मी दाराच्या कडीकडे बघत उभी होते.

"हे तुमचं काम?"

"सर, मावशींचा गॅस खरंच..."

"मावशीकडं चूल हाय," हेडसर म्हणाले. रागावले की त्यांची शिक्षकी भाषा गळून पडायची. "ह्या शाळेत गॅस कधी आलाच न्हाई."

मला वाटलं, तेरातली एक शाळा गेली. त्यांनी पुन्हा कागद हातात घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "चुका तीन न्हाईत. चार. घरी गेल्यावर मला अजून एक सापडली." मग ते खुर्चीत मागे रेलले. "मगदुमाची पोर उपाशी असून बरोबर होती. आणि मी तिला खाली बसवलं."

जरा वेळाने ते पुन्हा हेडसर झाले. "साडेपाच ते पावणेसहा. हॉलमध्येच, बाकावर बसून. गेटबाहेर एक जरी पाय पडला तर तंगडी मोडीन. पोरांची नव्हे, तुमची."

त्यानंतर हॉलला रोज साडेपाचला कांद्याचा, चटणीचा आणि लोणच्याचा वास यायला लागला. भूमितीच्या वह्यांवर तेलाची वर्तुळं उमटली. तिसऱ्या दिवशी प्रणालीच्या आई शाळेत आल्या. सुट्टी आजवर नव्हतीच हे त्यांना आता कळलं होतं आणि त्यांचा प्रश्न साधा होता, "आवं मॅडम, मग इतकं दिस माझा डबा खाल्ला कुनी?" मी उत्तर द्यायच्या आधीच अश्विनीने खाली मान घालून हात वर केला. आईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तरीच अंगाला लागलाय," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून डबा तीन पुडांचा आला.

पण सराव परीक्षेला महिनासुद्धा उरला नव्हता. दीड महिन्याची झीज तीन-चार आठवड्यांत भरून निघते का, असं प्रणालीने मला विचारलं. मी अभ्यासक्रमातलं उत्तर दिलं, की प्रत्येकाचं वेगळं असतं. ते उत्तर आम्ही माहीत नसल्यावर देतो.

यादी लागली त्या दिवशी मी मुद्दाम शाळेत गेले नाही असं सांगणार होते, पण गेले. फलकासमोर झुंबड होती. मी खांबाच्या आडून वाचलं. प्रणाली मगदूम, एकोणीस. ती फलकासमोरून हलायलाच तयार नव्हती. मागची पोरं तिला ढकलत होती आणि ती हसत होती. त्याच यादीत खाली होतं, अश्विनी साळुंखे, सव्वीस.

मी वजनकाट्याच्या खोलीत आले तर अश्विनी आधीच येऊन बसलेली. ओठ सुकलेले. आनंदाचा मागमूस नाही.

"तुमचं शास्तर खोटं हाय मॅडम."

"का? दोघी आलात की."

"मी यायला नको हुते! तुमीच सांगितलं नव्हं, उपाशी ऱ्हायलं की मार्क कमी पडत्यात? म्हनून परीक्षेला तीनी दिस सकाळी काय खाल्लं न्हाई. माझा डबा बी भरलेलाच घरी परत नेला. म्हटलं मी खाली गेले की एक जागा तिला मोकळी व्हईल. तर ह्ये! सव्वीस! आदीपेक्षा तीननं वर!"

मी बोलायला तोंड उघडलं. भूक म्हणजे काय, एका सकाळची आणि दीड महिन्याची यांत फरक काय, पाठ झालेली सनावळी पोटातून निघून का जात नाही, हे सगळं मला येत होतं, आणि त्या वेळी मराठीतून येत होतं. ती माझ्याकडे एखाद्या फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकासारखी बघत होती.

"आज काय खाल्लंस?"

"काय न्हाई. यादी लागूस्तवर दम धरला."

मी पर्स घेतली आणि तिला गेटबाहेर गाड्यावर घेऊन गेले, स्वतःची तंगडी धोक्यात घालून. तिने दोन वडापाव खाल्ले, वर तळलेल्या तीन मिरच्या, आणि तिसऱ्याचं नाव मी स्वतःहून काढलं. आहारतज्ज्ञ म्हणून मी हा आहार कुणालाही सुचवत नाही.